टपाली मत बाद होतं, ते नेमकं कुणामुळे?

खडूफळा
दोन दिवस एक पोस्ट फिरते आहे: "ज्यांना स्वतःचं टपाली मत धड देता येत नाही, ते मास्तर आमची निवडणूक काय घेणार?" खाली खदाखदा हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. लिहिणाऱ्याने टपाली मतासोबतचा १३-ए फॉर्म कधी हातात धरलेला नाही, हे पैजेवर सांगतो.

निवडणुकीच्या ड्युटीवर गेलेले मास्तर आणि इतर कर्मचारी टपाली मत देतात. ते बाद कसं होतं ते बघा. लिफाफे दोन. मतपत्रिका एकटी छोट्या १३-बी लिफाफ्यात जाते आणि तो चिकटवायचा. १३-ए म्हणजे प्रतिज्ञापत्र, ते त्याच्या बाहेर. मग बंद १३-बी आणि सुटं १३-ए, दोन्ही मोठ्या १३-सी लिफाफ्यात. रांगेत मागच्या माणसाचा रेटा, हातात तीनचार कागद, माणूस काय करतो? सगळ्यांची एकच घडी घालून छोट्या लिफाफ्यात कोंबतो. मोजणीच्या टेबलावर १३-सी फोडला आणि १३-ए दिसलं नाही, की १३-बी उघडतच नाहीत. आत खूण कितीही स्वच्छ असो, ती कुणाच्या नजरेलाही पडत नाही.

दुसरं, मतपत्रिकेचा अनुक्रमांक १३-ए वर आणि १३-बी वर एकच हवा. वाटप करणाऱ्याने घाईत शेजारच्याचा लिफाफा हातात दिला, तर अक्कल कुणाची काढायची?

हिशेबनीस
ज्याचं मत त्याची. क्रमांक जुळवून बघायला दहा सेकंद लागतात. सूचनांचा कागद, १३-डी, सोबतच देतात. पोरांना "प्रश्न नीट वाचा" म्हणून ओरडणारे स्वतः तो कागद वाचत नाहीत, हे कटू असलं तरी खरं आहे.

आणि सगळं लिफाफ्यावर ढकलू नका. मतपत्रिकेवर सही ठोकणारे आहेत. सही म्हणजे मतदार ओळखू येणारी खूण, मत बाद. शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघाची सवय लागलेले लोक इथेही १, २, ३ असे पसंतीक्रम टाकतात. लोकसभा-विधानसभेला पसंतीक्रम नसतो. दोन नावांपुढे काही लिहिलं की दोघांना मत, म्हणजे बाद. बरोबरची खूण करा नाहीतर फुली मारा, एकाच उमेदवारासमोर, त्याच्या रकान्याच्या आत. टपाली मतपत्रिकेला ठरावीक चिन्हाची सक्तीही नाही. इतकं सोपं करून ठेवलंय, तरी!

याची किंमत किती, तेही बघा. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये ईव्हीएमच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. अशा ठिकाणी बाद झालेला एकेक लिफाफा काय मोलाचा असतो, ते मास्तरांना फळ्यावर मांडून दाखवायला हवं का?

खडूफळा
मांडाच. आणि त्याच्या खाली हेही मांडा, की विजयातला फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर बाद मतं पुन्हा तपासायचा निवडणूक आयोगाचाच आदेश आहे. पहिली तपासणी चुकू शकते, हे आयोगाला मान्य आहे. तुम्हाला नाही.

साक्षांकनाचं तर विचारूच नका. १३-ए वरची सही राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करायची, किंवा ज्या केंद्रावर ड्युटी आहे तिथल्या केंद्राध्यक्षासमोर. त्या अधिकाऱ्याने सही केली पण शिक्का मारायचा राहिला, तर? २०२४ ला आंध्र प्रदेशात याच प्रश्नावर उच्च न्यायालय गाठलं गेलं. चूक अधिकाऱ्याची, टांगणीला मत कर्मचाऱ्याचं.

दप्तरदार
दोघंही अर्धंच बोलताय. मुळात टपाली मत मागायचं की ईडीसी, हे आधी ठरवायला हवं, आणि तिथेच निम्मे लोक चुकतात.

ड्युटी स्वतःच्याच मतदारसंघात असेल तर फॉर्म १२-ए भरा आणि निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र, म्हणजे ईडीसी, घ्या. ड्युटीच्या केंद्रावरच ते केंद्राध्यक्षाकडे जमा करायचं. मतदारांच्या चिन्हांकित यादीच्या (केंद्रावरच्या प्रतीच्या) शेवटी तुमचं नाव आणि यादीतला क्रमांक लिहून घेतात, तुम्ही यंत्रावर मत देता. लिफाफा नाही, साक्षांकन नाही. लोकसभेला ही वाट बऱ्याच जणांना मोकळी असते, कारण आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा येतात. शेजारच्या विधानसभेत ड्युटी लागली तरी लोकसभा तीच राहू शकते. विधानसभेला पथकं सहसा बाहेरच्या मतदारसंघात टाकतात. तिथे ईडीसी कुचकामी, फॉर्म १२, म्हणजे टपाली मतपत्रिकेचा अर्जच भरायचा.

फॉर्म १२ मतदानाच्या किमान सात दिवस आधी पोचायला हवा. आरओ, म्हणजे निवडणूक निर्णय अधिकारी, मुदत वाढवून देऊ शकतात, पण त्या भरवशावर राहू नका, पहिल्या प्रशिक्षणालाच द्या. त्यात यादी भाग क्रमांक आणि भागातला अनुक्रमांक लागतो, नुसत्या एपिक (मतदार ओळखपत्राच्या) नंबरवर भागत नाही. अनुक्रमांक यादीच्या पुनरीक्षणात बदलतो, त्यामुळे मागच्या निवडणुकीची जपून ठेवलेली चिठ्ठी बघून भरू नका. आयोगाच्या पोर्टलवर त्याच आठवड्यात शोधा किंवा १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन करा. हा आकडा चुकला की अर्ज जुळत नाही, आणि सुविधा केंद्रावर, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या टपाली मतदानाच्या जागी, "तुमची मतपत्रिका आलेलीच नाही" हे वाक्य ऐकावं लागतं.

घाई का, तर मतपत्रिका छापायलाच उशीर होतो. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्याशिवाय नावं पक्की होत नाहीत. २०२४ च्या विधानसभेला माघारीचा शेवटचा दिवस ४ नोव्हेंबर, मतदान २० ला. त्या सोळा दिवसांत छपाई, एका आरओकडून दुसऱ्याकडे मतपत्रिकांची देवाणघेवाण, प्रशिक्षण आणि मतदान, सगळं बसवायचं.

लखोटा
एक शंका. मतपत्रिका घरी नेऊन, निवांत बसून, चष्मा लावून भरली आणि पोस्टात टाकली, तर या निम्म्या चुका होणारच नाहीत. ते का करत नाहीत?

दप्तरदार
कारण २०२३ पासून ड्युटीवरच्यांना ते बंद आहे. मतपत्रिका सुविधा केंद्रावरच घ्यायची, तिथेच भरायची, तिथेच पेटीत टाकायची. पूर्वी मोजणीच्या दिवशी सकाळी मोजणी सुरू होईपर्यंत पोचली तरी चालायची, म्हणून लोक ती घरी ठेवून घ्यायचे. तेवढे दिवस उमेदवारांची माणसं मागे लागायची. आयोगाने ते दार लावलं.

लखोटा
म्हणजे टपाली मतात टपालच उरलं नाही. नाव तरी बदला.

दप्तरदार
सैनिकांचं उरलंय. त्यांना मतपत्रिका ऑनलाइन जाते, ते छापून घेतात आणि भरलेली पोस्टाने पाठवतात. ती मोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत पोचली तरच धरतात, नंतर आलेली उघडतही नाहीत.

सातबारा
माझं दुखणं वेगळं आहे आणि ते कुणी बोलत नाही. टपाली मतपत्रिका दिली की यादीत नावापुढे 'पीबी' (पोस्टल बॅलट) पडतं. मग ड्युटी रद्द होवो, राखीव म्हणून दिवसभर तहसीलच्या मांडवात बसवून संध्याकाळी सोडो, घरच्या केंद्रावर मत देता येत नाही. मतपत्रिका घेऊन भरली नाही, तरी नाही. म्हणून म्हणतो, ड्युटी पक्की होईस्तोवर फॉर्म १२ देऊच नका.

दप्तरदार
हा सल्ला कृपया कुणी ऐकू नका. तिसरी सरमिसळ, म्हणजे कुणाला कोणतं केंद्र, ती तर अगदी शेवटी होते. तोवर थांबलात तर फॉर्मची मुदत गेलेली असेल आणि ऐन दिवशी तुम्ही परक्या मतदारसंघात असाल. राखीवांनीही सुविधा केंद्रावर मत देऊन टाकावं. एकदा मत दिलं की ड्युटी राहिली काय, गेली काय.

उंबरठा
तुमचं कर्मचाऱ्यांचं चालू द्या. घरून मतदानाचं कुणी बोलेल का? आधी ८० वर्षांवरच्यांना होतं, २०२४ ला एकदम ८५ केलं. ८२ वर्षांच्या, गुडघे गेलेल्या बाईने दोन जिने उतरून केंद्रावर जायचं?

हिशेबनीस
४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर वयाची अट नाही, घरून मतदानाच्या त्याच १२-डी फॉर्मवर अर्ज करता येतो. पण ते वेळेत काढायला घरच्यांनी हलायला हवं. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत १२-डी द्यायचा असतो. लोक जागे होतात प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात, आणि मग बीएलओला (यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला) शिव्या.

उंबरठा
गुडघेदुखीला ४० टक्के कोण देतं हो? आणि पाच दिवस! दिवाळी तोंडावर असताना! २०२४ ला अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, हे कुठल्या आजीला ठाऊक असणार?

लखोटा
मला त्या घरच्या मतदानाचीच भीती वाटते. मुलगा शेजारी उभा, सून चहा घेऊन आलेली, म्हातारी कुणाला मत देणार?

उंबरठा
भीती वाटते म्हणे! एकदा पथक बघा आणि मग बोला. मतदान अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओ करणारा, एवढी माणसं येतात. पुठ्ठ्याचा आडोसा ठेवतात, घरच्यांना बाजूला करतात. कॅमेरा प्रक्रियेवर असतो, खुणेवर नसतो. दिसत नसेल किंवा हात चालत नसेल तरच सोबती मिळतो, आणि तोही तिने निवडलेला. उमेदवारांना वेळ आधी कळवतात, त्यांचा प्रतिनिधी येऊ शकतो. केंद्रावर नातू आजीचा हात धरून थेट यंत्रापर्यंत जातो, तेव्हा कुठे जाते तुमची गुप्तता?

लखोटा
बरं बाई, आडोसा असतो. मान्य. पण पथक आलं तेव्हा आजी दवाखान्यात असली तर?

उंबरठा
दुसऱ्यांदा येतात. तेव्हाही नसली तर तिसरी फेरी नाही. आणि १२-डी मंजूर झाल्यावर केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हेही घरात आधी सांगून ठेवा. "बरं वाटलं तर चालत जाईन" असं म्हणणाऱ्या आजीचा अर्ज भरूच नका. अर्ज ऐच्छिक आहे, केंद्राची वाट खुली असते.

सातबारा
म्हणजे पुन्हा तेच 'पीबी'. मी म्हणत होतो ते!

नवखा
नगरपालिकेला माझी ड्युटी लागणार आहे. वरचं सगळं तसंच्या तसं करू का?

दप्तरदार
नको. वरचं सगळं लोकसभा-विधानसभेचं, भारत निवडणूक आयोगाचं आणि १९६१ च्या नियमांचं. नगरपालिका, महापालिका, झेडपी राज्य निवडणूक आयोगाकडे, नियम वेगळे. ड्युटीच्या आदेशासोबत काय अर्ज दिलाय ते बघा आणि आरओच्या कार्यालयात लेखी विचारा. अर्जाची पोच घ्या. प्रभागात जितक्या जागा, तितकी मतं, नगरपालिकेत थेट नगराध्यक्षाचं आणखी एक. महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात चार. कोणत्या जागेचा कागद कोणता, ते बघूनच खूण करा. विधानसभेच्या सवयीने एकदाच खूण करून घडी घालाल, तर तिथल्या तीन जागा कोऱ्या जातील.

हिशेबनीस
बघा, सूचना वाचायला सांगताहेत. मीही तेच म्हणालो होतो, फक्त मला शिव्या पडल्या.

खडूफळा
तुम्हाला शिव्या त्या पोस्टची री ओढल्याबद्दल पडल्या. क्रमांक जुळवायची जबाबदारी मतदाराचीही आहे, हे घ्या, मान्य केलं, फ्रेम करून लावा. आता तुम्ही मान्य करा, की मोठ्या लिफाफ्यावर ठळक अक्षरांत "१३-ए यात टाकला का?" एवढी एक ओळ छापली, तर तुमची हसायची सोय बरीच कमी होईल.

हिशेबनीस
छापा की. तीही कोण वाचतंय ते बघू.