३० बाय ५० च्या शेडमध्ये बदलता रंगमंच : लेव्हल आणि लाइट कसे करावेत?

धायरीकर
धायरीजवळ ३० बाय ५० फुटांची पत्र्याची शेड भाड्याने मिळते आहे. उंची १८ फूट. प्रेक्षक कधी समोरासमोर, कधी तीन बाजूंना, कधी नेहमीसारखे एकाच बाजूला बसवायचे आहेत. शंभर माणसं बसावीत. लेव्हल (सुटे चौथरे, ज्यांवर खुर्च्या मांडायच्या) कोणत्या मापाचे करावेत? लाइट छताच्या पर्लिनला (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्टीला) टांगले तर चालतील?

नेपथ्य_पेठ
८ बाय ४ फुटांचे लेव्हल करू नका. ४० बाय ४० मिमीचा, २ मिमी जाड चौकोनी पाइप आणि वर १९ मिमी प्लाय धरला, तर एक नग साठ किलोच्या वर जातो. दोघांना तो उचलून चढवता येत नाही, मग ओढतात आणि कोपऱ्याचं वेल्डिंग सुटतं. ४ बाय ४ चा साधारण ३३ किलोंत होतो.

पाय सुटे ठेवा: १, २ आणि ३ फुटांचे. कोपऱ्यात ५० बाय ५० मिमीच्या, ३ मिमी जाडीच्या पाइपचा तुकडा वेल्ड करून त्यात ४० चा पाय बसवायचा. आत ४ मिमी जागा उरते आणि प्रयोगात कुरकुर येते ती तिथूनच. म्हणून त्या तुकड्याच्या लगतच्या दोन बाजूंना नट वेल्ड करून १० मिमीच्या बोल्टने पाय दाबून धरा. बोल्ट एकाच बाजूला दिलात तर पाय दुसऱ्या दिशेने हलतच राहतो. पायाखाली रबरी बूट, शेजारच्या लेव्हलमध्ये नमद्याची पट्टी, आणि ३ फुटांच्या रांगेला तिरपा आधार हवाच. भार चौरस मीटरला ५ किलोन्यूटन धरा. म्हणजे एका लेव्हलवर साडेसातशे किलो.

आता हिशोब. २० इंची खुर्ची धरली तर पाच लेव्हलच्या रांगेत १२ जण. एक रांग जमिनीवर, तीन लेव्हलवर, म्हणजे एका बाजूला ४८. समोरासमोर ९६ जण, ३० लेव्हल, मध्ये १८ फूट खेळायला आणि रांगांच्या दोन्ही टोकांना ५-५ फुटांची वाट. तीन बाजूंच्या मांडणीत मात्र तुमची ३० फूट रुंदी आडवी येते. कडांना दोन-दोन रांगा लावल्या की मध्ये १४ फूटच उरतात. तिथे कडेला एकच रांग ठेवा. एकाच बाजूला बसवताना सत्तरच्या वर जाऊ नका, पुढे बैठक घालून.

डिमर_रॅक
पर्लिनला अजिबात टांगू नका. ती पत्र्याचं वजन आणि वारा पेलायच्या हिशोबाने घातलेली असते. भिंतीलगत स्वतंत्र खांब, त्यांवर ३० फुटांचे ट्रस (तिरपे तुकडे जोडून केलेल्या लोखंडी तुळया), आणि खाली ४८ मिमी बाहेरच्या व्यासाच्या पाइपची दर ४ फुटांवर जाळी, १४ फुटांवर. या व्यासाला बाजारातले हुक क्लॅम्प नीट बसतात. प्रत्येक दिव्याला सेफ्टी चेन. ट्रस स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्या.

मांडणी बदलते तिथे लाइटची जागाही बदलते, म्हणून सॉकेट भिंतीवर नकोत. जाळीवरच, सगळीकडे, नंबर टाकून. हजार वॅटचे २४ हॅलोजन पार (डब्यासारखे रंगमंचाचे दिवे) म्हणजे २४ किलोवॅट. तेवढेच १८० वॅटचे एलईडी साडेचार किलोवॅटच्या आत भागतात, पण त्यांना डिमरच्या (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) लाइनवर लावू नका, लुकलुकतात. डीएमएक्सच्या (दिव्यांना हुकूम नेणाऱ्या केबलच्या) एका लाइनवर ३२ च्या वर उपकरणं नकोत आणि शेवटच्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (लाइन बंद करणारा रोध) लावा. तो विसरला की पूर्ण काळोखाच्या क्षणी एखादा पार आपोआप उजळतो.

धायरीकर
पावसाळ्यात प्रयोग होतील का?

नेपथ्य_पेठ
नुसत्या ग्लासवूलने पत्र्याचा ताशा थांबत नाही. पत्र्याला चिकटून ५० मिमी ग्लासवूल, खाली मोकळी हवा, मग वेगळ्या फ्रेमवर जिप्सम बोर्डचे दोन थर. तेही जाळीच्याच खांबांवर, आणि इंजिनिअरला हे वजन आधी सांगा. समोरासमोरच्या भिंती उघड्या ठेवल्या तर टाळी वाजवून बघा, टर्रर्र ऐकू येईल. चारही बाजूंना जाड काळे पडदे, रेलवर सरकणारे. समोरासमोर बसवता तेव्हा नटाची पाठ कायम निम्म्या प्रेक्षकांकडे असते, तेव्हा शब्दांची कड पडद्यांत हरवते. त्या वेळी थोडे पडदे उघडायचे.

अमेरिकेतल्या डॅलसच्या वायली थिएटरने (२००९) तयारीच्या खोल्या वगैरे वर आणि खाली नेऊन सभागृहाच्या चारही बाजू मोकळ्या केल्या. तुमच्याकडे वर-खाली जागा नाही, पण एक गोष्ट तिथून घ्या: मेकअप खोली आणि सामान शेडच्या बाहेर, मागच्या अंगाला. आत ठेवलंत तर एक बाजू कायमची गेली.

डिमर_रॅक
आणि दारं. बाहेर उघडणारी, २ मीटर रुंद, विरुद्ध टोकांना दोन. समोरासमोरच्या मांडणीत रांगांची पाठ नेमकी आखूड भिंतींना लागते, तेव्हा दारं लांब भिंतींतच हवीत. अग्निशमन परवानगीला एकच नकाशा देऊ नका. तिन्ही मांडण्यांचे नकाशे द्या, प्रत्येकात वाटा दाखवून.

३० लेव्हल हलवायला चार माणसांना तीन तास तरी लागतील. दुपारी एक आणि रात्री दुसरी मांडणी ठरवण्याआधी हे मोजा.