पक्षी सप्ताह : तुमच्या घराजवळ कोण कोण आलंय?

सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, टाकीपाशी पांढरा धोबी तुरुतुरु पळताना दिसला आणि एकदम बाबा आठवले. दिवाळी सरली की विचारायचे, "धोबी आला का गं?" त्यांची जुनी दुर्बीण आता माझ्याकडे आहे. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींची जयंती, १२ ला सलीम अलींची, मधला सगळा पक्षी सप्ताह. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले तेव्हापासून मनात होतं की हा आठवडा नीट बघायचा, आणि लांब कुठे न जाता घराच्या आसपासच. समोरच्या पडक्या भिंतीवर थिरथिरा येऊन बसतो, शेपटी सारखी थरथरत असते, उडाला की खालचा विटकरी रंग झळकतो, बघतच राहावं. तुमच्याकडे काय? लिहा पटापट.

–

पुण्याजवळ कवडीला चक्रवाक बदकं उतरलीत!! कोवळ्या उन्हात काय केशरी दिसतात. लडाख-तिबेटकडून येतात बिचारी आणि इथे मुळा-मुठेचा फेस नि जलपर्णी, फार वाईट वाटतं. फोटो रात्री टाकतो, आत्ता मीटिंग आहे.

–

ताई, बाबांचं वाचून गलबललं. माझे आजोबा ज्वारी राखायला माचावर गोफण घेऊन बसायचे, भोरड्यांचा थवा आला की आभाळ काळं व्हायचं. पण तेच सांगायचे, नाकतोडे पण ह्याच खातात, पार हुसकून लावू नका. यंदा ज्वारी अजून गुडघ्याएवढीच आहे, हुरड्यात आली की या सगळे.

–

हुरडा!!! दादा, शेंगदाण्याची चटणी आम्ही आणतो, तारीख सांगा फक्त

–

धोबी हिवाळ्यातच येतो का? आमच्या नदीवर तर बारा महिने दिसतो

–

तो मोठा धोबी, इथलाच. डोकं काळं आणि भुवई पांढरी. पाहुण्याचा चेहराच पांढरा असतो. पोट पिवळं नि पाठ राखाडी दिसली तर करडा धोबी, तोही पाहुणाच.

–

ऐरोलीहून. खाडीवर जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीची वेळ बघून निघा. पूर्ण ओहोटीत पक्षी पार लांब चिखलात असतात, पाणी चढायला लागलं की काठाकडे सरकतात, तेव्हा शेकाट्या, तुतवार मस्त जवळून दिसतात. आणि हात जोडून सांगते, कुरवांना (सीगल) शेव-गाठी टाकू नका. त्यांचं खाणं मासे नि किडे, तळलेलं पोटात गेलं की त्रास त्यांनाच. लहान मुलांना समजतं, मोठ्यांना सांगताना जीव जातो.

–

+१ गाठीबद्दल. आमच्याकडे घाटावर पाकिटं विकायलाच बसतात.

–

न्यू जर्सीत आमच्या अंगणात जुन्को आले, हे थंडीतले छोटे पक्षी, म्हणजे आता बर्फ पडणार. आई फोनवर विचारते तिकडे चिमण्या आहेत का, तर आहेत, अगदी आपल्यासारख्याच 🙂

–

दुर्बिणीच्या भिंगाला बुरशी धरलीये, काय करू? कुकर लावलाय, येते दहा मिनिटांत

–

घरी उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडेच द्या. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. नवीनच घ्यायची तर ८ बाय ४२ (आठपट मोठं दिसतं, भिंग ४२ मिमी) बघा, हात दुखत नाहीत.

–

रविवारी कवडीला कोण येतंय? साडेसहाला पुलापाशी. भडक कपडे नकोत, पोहे मी आणते.

–

मी आणि लेक. तिला चक्रवाक बघायचाय.