मदत हवी आहे: मार्चच्या चर्चचं छत भिंतींना बाहेर का ढकलत नाही?

नमस्कार मंडळी. केंब्रिजशरमधल्या मार्च गावी सेंट वेंड्रेडाचं चर्च आहे. साधारण १५०० च्या सुमाराचं त्याचं लाकडी छत बघून आल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये. वर पाहिलं की पंख पसरलेले सुमारे १२० लाकडी देवदूत! मान दुखेपर्यंत बघत राहिले.

माझा प्रश्न त्या छताच्या बांधणीचा आहे. आपल्याकडे कौलारू घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अखंड तुळई असते, तीच दोन्ही बाजूंना धरून ठेवते. इथे तशी तुळईच नाही. भिंतीतून आखूड तुळया पुढे येतात, खालून बाकदार तिरक्या लाकडांचा आधार, त्यावर उभे खांब, आणि पुन्हा वर तसाच दुसरा थर. इंग्रजीत याला डबल हॅमरबीम म्हणतात. मधली जागा पूर्ण मोकळी. त्यात छताखालच्या भिंतीला ओळीने खिडक्या, म्हणजे भिंतही भरीव नाही.

मग छताचा बाहेरचा रेटा जातो कुठे? बाकदार लाकडं तो भिंतीत खाली उतरवतात, की वरची आडवी लाकडंच बराचसा पेलतात? स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा जुन्या वास्तूंची डागडुजी करणारं कुणी असेल तर आकृती काढून समजावाल का? हॅमरबीमला आपल्या सुतारांचा एखादा शब्द असेल तर तोही सांगा. पुढच्या महिन्यात आईबाबा येणार आहेत, त्यांना तिथे नेऊन नीट समजावून सांगायचंय.