‘जेम्स ब्राउन मेला’ म्हणणारं टेक्नो गाणं: ते डिवचणं रास्त होतं का? आणि आपल्या हळदीच्या रिमिक्सचं काय?

तापीकाठ
१९९१ साली नेदरलँड्समधल्या एल. ए. स्टाइल या गटाने ‘जेम्स ब्राउन इज डेड’ हे टेक्नो, म्हणजे सिंथ आणि ड्रम मशीनवर बनवलेलं नाचाचं, गाणं काढलं. जेम्स ब्राउन हा अमेरिकेचा फंक गायक (फंक म्हणजे ठेक्यावर उभं राहणारं नाचाचं संगीत). तो तेव्हा धडधाकट होता, त्याच वर्षी फेब्रुवारीत तुरुंगातून सुटला होता. तो गेला २५ डिसेंबर २००६ ला. म्हणजे नाव उघडउघड डिवचणारं. गाणं युरोपभर वाजलं आणि १९९२ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीतही शिरलं.

माझं म्हणणं, ते डिवचणं रास्त होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हिपहॉप आणि डान्सच्या ढीगभर रेकॉर्डी जेम्स ब्राउनच्या जुन्या ठेक्यांचे तुकडे कापून उभ्या राहत होत्या. एकट्या ‘फंकी ड्रमर’मधले (ध्वनिमुद्रण १९६९, प्रकाशन १९७०) ड्रमचे काही बार (ठेक्याची आवर्तनं) किती ठिकाणी आले याची गणती नाही. टेक्नोवाल्यांनी ठणकावलं की उसना ठेका पुरे, आता मशीनवर नवा बनवू. जळगाव-धुळ्याच्या वरातींत वाजणारे अहिराणी रिमिक्स ऐका. गाणं बदलतं, पण खालचा ढोलकीचा तुकडा तोच, कुठल्यातरी तयार पॅकमधला. आपल्याकडेही कुणीतरी असं तोंडावर बोलायला हवं.

गिरणाकाठचा
भो, ‘नवा ठेका’ हा दावाच टिकत नाही. टेक्नो उभं केलं डेट्रॉइटच्या हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन यांनी, आणि त्यांचे कान फंकवर पोसलेले. मशीन नवी होती, हात जुनेच. ‘ब्राउन मेला’ म्हणणारे तो फंक विसरले. मशीनवर नाच बसवणं ही युरोपची मिरासदारीही नव्हती. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि टीबी-३०३ (बास सिंथ) वर रागांची आख्खी तबकडी केली होती.

आणि ज्याचं खरंच नुकसान झालं त्याचं नाव या वादात कुणी घेत नाही. ‘फंकी ड्रमर’चा ठेका वाजवला क्लाइड स्टबलफील्डने. गाण्याचं श्रेय ब्राउनच्या नावावर, याला वादक म्हणून ठरलेली बिदागी. पुढे तुकडे जगभर गेले, पण त्याला त्यातून हक्काची रॉयल्टी नव्हती. ‘ब्राउन मेला’ म्हणून त्याच्या पदरात काय पडलं? उसनवारी खुपत होती तर आधी ज्याचं उसनं घेतलं त्याचं देणं चुकवायचं.

साउंड_शिंदखेडा
नावावरून भांडताय, पण गाणं चाललं ते स्टॅबमुळे (सिंथचा एकदम आदळून थांबणारा स्वरसमूह) आणि स्टॅबच्या मधल्या रिकाम्या जागेमुळे. एक माणूस वाक्य बोलतो, लगेच सिंथचा तो भलामोठा मायनर (कोमल गंधाराचा) रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, आदळतो. आपल्याकडची पोरं त्या धाटणीचा स्टॅब लावतात आणि वरातीच्या डीजे गाडीवर त्याचा चिखल होतो. कारणं सांगतो.

रेव्हचा (त्या काळच्या टेक्नो नाचांच्या पार्ट्यांचा) स्टॅब बोटांनी कॉर्ड, म्हणजे तीन स्वर एकत्र, दाबून बनत नाही. सिंथच्या दोन सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारख्या लहरी) घ्या, एकमेकींपासून १०–१५ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) हलवा, षड्ज, कोमल गंधार आणि पंचम एकदाच वाजवून ऑडिओ करून घ्या. तो तुकडा सॅम्पलरमध्ये टाकून एका बोटाने वाजवा. सगळी कॉर्ड जशीच्या तशी वर-खाली सरकते, खडबडीतपणा त्यातूनच येतो. डिके (आवाज विरण्याचा वेळ) २५० ते ४०० मिलिसेकंद, रिलीज (कळ सोडल्यावरचं शेपूट) शून्याजवळ. खालचं १५० हर्ट्झपर्यंत कापा, तिथे फक्त किक (खालचा मोठा ड्रम) राहू दे. रिव्हर्ब (घुमारा) जवळपास नको. गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती तो आपसूक देतात, आणि वरून आणखी घातला की मधली शांतता भरून जाते. शांतता गेली म्हणजे गाणं गेलं.

दुसरी चूक हूव्हरच्या (व्हॅक्यूम क्लीनरसारख्या घुमणाऱ्या सिंथच्या) आवाजात होते. हा आवाज रोलँड अल्फा जुनो या सिंथमधल्या ‘व्हॉट द’ या तयार आवाजाचा (पॅचचा), १९९१ च्या ‘मेंटॅझम’ या टेक्नो गाण्याने गाजवलेला. त्याची रुंदी कोरस या इफेक्टमधून येते. डाव्या-उजव्या बाजूचं डोलणं एकमेकांच्या उलट असतं, आणि डीजे गाडीला बहुतेकदा मोनो, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र केलेला, फीड जातो. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की डोलणं एकमेकांना खातं आणि आवाज चपटा पडतो. मिक्स करतानाच मोनोचं बटण दाबून ऐका, कोरस अर्ध्यावर आणा, कमी पडला तर डिट्यून (लहरींमधलं सुराचं अंतर) वाढवा.

तिसरं, लिमिटरचा (आवाज ठरावीक पातळीवर रोखणाऱ्या यंत्राचा) रिलीज, म्हणजे पकड सोडायचा वेळ, लांब ठेवला की स्टॅबनंतरची किक दबते. ८०–१२० मिलिसेकंद पुरे. अ‍ॅम्प क्षमतेबाहेर चढवून (क्लिप करून) ‘दणका’ काढू नका. चौकोनी झालेल्या लहरीतली वरची ऊर्जा थेट ट्वीटरवर (बारीक आवाजाच्या स्पीकरवर) जाते आणि कॉइल जळते.

तापीकाठ
गिरणाकाठचा, देण्याचा मुद्दा मान्य. पण ‘फंक विसरले’ हे मान्य नाही. कुणाला मेला म्हणायचं तर त्याचं नाव घ्यावंच लागतं. शिंदखेड्याच्या भाऊंनी जे सांगितलं तेच माझ्या बाजूचं आहे: मशीनवर स्वतःचा आवाज घडवता येतो. मग तयार ढोलकी कशाला?

अमळनेरची_सून
दोघेही फक्त ठेक्यावर बोलताय. आपल्या रिमिक्समध्ये उचललेला माल ठेक्यापेक्षा जास्त आवाजाचा असतो, आणि तो बायांचा असतो.

हळदीत, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर, खान्देशच्या कानबाई देवीच्या जागरणात बाया गातात. लग्नात वऱ्हाडाला टोमणे मारणारी, चावट गाणीही म्हणतात. त्या चावटपणाला शिस्त असते. इकडच्या बाया एक कडवं टाकतात, तिकडच्या त्यावर चढ कडवं टाकतात, विहीण हसते आणि परतफेड करते. कुणीतरी मोबाइलवर हे भरतो, त्यातली एकच खमंग ओळ कापतो आणि चार मिनिटं लूपवर फिरवतो. उत्तराचं कडवं उडालं. उरते बाईच्या आवाजातली एक ओळ आणि तिच्यावर नाचणारे ट्रॉलीमागचे पुरुष. अश्लीलतेची तक्रार येते तेव्हा शिव्या अहिराणीला पडतात, कापणाऱ्याला नाही.

‘जेम्स ब्राउन इज डेड’ला मी त्यापेक्षा बरं मानते, कारण त्याला उत्तर मिळालं. त्याच वर्षी होली नॉइज या गटाने ‘जेम्स ब्राउन इज स्टिल अलाइव्ह’ काढलं आणि तेही नेदरलँड्समधूनच. डिवचणाऱ्याला त्याच मैदानात, सिंथवरच जबाब. इथे ज्या बाईची ओळ फिरते तिला गाडीवर माईक कोण देतो?

भुसावळ_यार्ड
ताई, तुमनं म्हननं बराबर शे. कायद्याची बाजू जोडतो, कारण ‘लग्नात सगळं चालतं’ हा गैरसमज आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वरात आणि लग्नाच्या समारंभात गाणं वाजवायला सूट आहे. ती वाजवण्यापुरती. रिमिक्स बनवून चॅनेलवर टाकणं त्यात बसत नाही. लोकगीताचे शब्द परंपरेचे असले तरी त्या दिवशी गाणाऱ्या बाईला कलम ३८ प्रमाणे कलाकाराचा हक्क आहे, ५० वर्षं. तिच्या संमतीशिवाय रेकॉर्डिंग करून विकणं हा त्या हक्काचा भंग. आवाजाचंही बघा: निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद.

गिरणाकाठचा
म्हणजे परत माझ्याच मुद्द्यावर आलो. आधी देणं.

साउंड_शिंदखेडा
तांत्रिक अंगानेही ताईंचंच धरावं लागतं. हळदीचं गाणं साधारण ९०–१०० बीपीएमचं (मिनिटाला तेवढे ठोके), टेक्नो १२५–१३५ चं. ९५ चा आवाज १३० वर नेला म्हणजे वेग ३७ टक्के वाढला. एवढ्यात ‘स’ आणि ‘श’ फाटायला लागतात, स्वर थरथरतो. म्हणून मोबाइलवरचे तुकडे किरकिरे वाजतात आणि पोरं ते झाकायला आणखी इफेक्ट चढवतात. इलाज एकच, बायांना बोलावून १२५ च्या क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठोक्यांवर) पुन्हा गाऊन घ्या. एक कंडेन्सर माईक, चार-पाच जणी अर्धवर्तुळात, माईकपासून तीन-साडेतीन फूट. दोन्ही बाजूंची कडवी घ्या, उत्तरासकट.

ढोलकीही खरी घ्या. केरव्याचा ठेका ग्रिडला (सॉफ्टवेअरच्या समान अंतराच्या रेघांना) शंभर टक्के चिकटवू नका, लचक मरते. किक ग्रिडवर, ढोलकी १०–२० मिलिसेकंद मागे.

तापीकाठ
पुन्हा गाऊन घेणं मला पटलं. पण मग ढोलकीची गरज अजूनही दिसत नाही. दोन्ही बाजूंची कडवी, एक स्टॅब, मध्ये शांतता. एवढ्यावर गाणं उभं राहतं.

अमळनेरची_सून
राहील, दादा. फक्त स्टॅब कडव्याच्या मध्ये घालू नका, दोन कडव्यांच्या मध्ये घाला. तिकडच्या बायांना श्वास घ्यायला तेवढीच जागा असते. आणि बिदागी रेकॉर्डिंगच्या दिवशी हातात, चॅनेलच्या कमाईतला वाटा कागदावर, प्रत्येकीच्या नावाने.