नव्या लाव्हावर आधी कोण पोचतं, झाडं की किडे? (हवाई)

पाऊसवेडी
भाऊ सध्या कामासाठी हवाईला आहे, बिग आयलंडवर. किलाउएआ ज्वालामुखीच्या बाजूचे फोटो पाठवलेत त्याने, नुसता काळा कातळ, लांबच लांब, गवताची काडी दिसत नाही. आणि एका फोटोत चक्क भेगेत कोळी बसलाय! आता माझ्या डोक्यात शाळेपासून क्रम असा की आधी दगडफूल, मग शेवाळ, मग गवत, मग गवत खाणारे किडे आणि सगळ्यात शेवटी किड्यांना खाणारे कोळी. हा पठ्ठ्या सगळ्यांच्या आधी येऊन बसलाय म्हणजे खातो तरी काय?
आणि दुसरं, अमेरिकेचा किनारा तिथून साधारण ४००० किमी लांब, बेटं समुद्रातूनच वर आलेली, कुठल्याच जमिनीला कधी चिकटलेली नव्हती, तरी म्हणे हजारो जातींचे किडे असे की जे जगात फक्त तिथेच आहेत. पोचले कसे आणि एवढे वेगवेगळे झाले कसे? इंग्रजीतलं वाचायला घेतलं पण दुसऱ्या पानावर डोकं गरगरायला लागलं, कुणीतरी मराठीत सांगा प्लीज.

बेसाल्ट_बंड्या
आपला सह्याद्री पण लाव्हाचाच की. मग आपल्याकडे पण असंच झालं असणार.

रातकिडा
@बंड्या लाव्हा तोच पण गोष्ट वेगळी. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हा भारत आशियाला चिकटलेला नसला तरी एवढा मोठा भूखंड होता, लाव्हाच्या कडेला जंगल होतंच, तिथून किडे चालत आले तरी चालण्यासारखं. हवाईला चालत येण्याची सोयच नाही ना.

@पाऊसवेडी तुमच्या भावाने काढलेला फोटो एकदम नेमका आहे, कारण तिथे खरंच कोळी झाडांच्या आधी येतात. खातात काय तर वारा जे आणून टाकतो ते. आजूबाजूच्या जंगलातून चिलटं, माश्या, मावा, पानांचे तुकडे, सगळं उडत येऊन लाव्हावर पडतं आणि मरतं. आपल्याला कातळ रिकामा दिसतो पण ताटात रोज काहीतरी पडत असतं. किलाउएआचा एक रातकिडा आहे, काकोनेमोबियस फोरी, तो लाव्हा थंड झाल्यावर काही महिन्यांतच तिथे राहायला येतो, दिवसा भेगांत आणि रात्री वर. पंख नाहीतच त्याला त्यामुळे गात पण नाही. याचे भाऊबंद समुद्रकाठच्या ओल्या दगडांत राहतात, म्हणजे उघड्या खडकावर जगायची सवय आधीपासूनची. आणि गंमत बघा, झाडं उगवायला लागली की हा तिथून गायब होतो!! त्याला नवाकोरा लाव्हाच लागतो. त्याच्या मागोमाग लांडगा कोळी येतात, जाळं विणत बसत नाहीत, पळून धरतात. फोटोतला तोच असेल बहुतेक.

त्याच बेटावरच्या मौना केआ ज्वालामुखीच्या माथ्यावर, ४२०० मीटर उंचीवर, वेकियू नावाचा एक ढेकणाच्या जातकुळीतला किडा आहे. त्याचे बहुतेक नातेवाईक बिया खातात, पण माथ्यावर बिया कुठल्या, तर हा खालून वाऱ्याने येऊन थंडीने गारठलेले किडे शोषून खातो. शाकाहारी घराण्यातला मांसाहारी निघाला एकदम.

आणि इंडोनेशियातलं क्राकाताऊ ज्वालामुखी बेट घ्या. १८८३ च्या ऑगस्टमध्ये स्फोट झाला, बेटाचा मोठा भाग गेला, उरलेलं सगळं राखेखाली. मे १८८४ मध्ये फ्रेंच लोक तिथे उतरले, त्यात कोतो म्हणून एक निसर्ग अभ्यासक होता, त्याला सगळीकडे शोधून सजीव म्हणून काय दिसलं तर एक बारकासा कोळी, आणि तो जाळं विणत होता. नऊ महिन्यांत! आइसलंडजवळ सर्ट्सी बेट १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये समुद्रातून वर आलं, तिथे तर स्फोट चालू असतानाच पुढच्या वर्षी पहिली माशी सापडली. त्यामुळे शाळेतला क्रम पुस्तकापुरता ठीक आहे.

चिकित्सक
वाऱ्याने जंगलातून शेजारच्या लाव्हावर येणं समजलं. पण ४००० किमी समुद्र? कोळ्याला पंख पण नसतात. मला हे पटत नाही, जहाजांतून आले असतील माणसांबरोबर.

रानवेडी
जहाजांतून आलेले पण भरपूर आहेत, त्यांचं शेवटी सांगते. पण जे फक्त तिथेच सापडतात ते माणसाच्या लाखो वर्षं आधीचे, डीएनएवरून कळतं.
पंख नसले तरी कोळी उडतात. उंच टोकावर चढायचं, पोट वर करायचं, रेशमाचे धागे सोडायचे आणि निघायचं. १८३२ मध्ये डार्विनचं बीगल जहाज अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून ६० मैलांवर होतं तेव्हा दोरखंडांवर हजारो बारके कोळी येऊन उतरले होते, त्याने लिहून ठेवलंय. अमेरिकेत १९२६ पासून पुढे काही वर्षं विमानाला सापळे लावून हवेतले किडे गोळा केले तेव्हा १५००० फुटांवर पण कोळी सापडला. आणि नुसता वारा पण नाही, २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात वाऱ्याचा लवलेश नसलेल्या पेटीत कोळी ठेवले आणि फक्त विजेचं क्षेत्र चालू केलं, तर ते धागा सोडून वर उचलले गेले. हवेत कायमच थोडंफार विद्युत क्षेत्र असतं, ते त्यांना पायांवरच्या केसांना कळतं.

समुद्रात पडले तरी लगेच मेले असं नाही. २०१५ चा एक अभ्यास आहे, पाण्यावर पडलेले कोळी पाय किंवा पोट वर करून शिडासारखं वापरतात आणि वाऱ्याने सरकत जातात, थांबायचं असेल तर धागा टाकतात नांगरासारखा. त्या अभ्यासात टेट्राग्नाथा नावाच्या लांब जबड्याच्या कोळ्यांच्या कुळातले कोळी पण होते, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तरीसुद्धा कोटीत एखादाच पोचत असणार हे खरंच. हवाईचे सगळे मूळ किडे, काही हजार जाती, त्या साधारण साडेतीनशे-चारशे वेळा आलेल्या पाहुण्यांची वंशावळ आहे असा अंदाज आहे. त्या बेटांच्या साखळीचं वय जवळजवळ तीन कोटी वर्षं. चिकित्सकराव भागाकार तुम्हीच करा, सत्तर-ऐंशी हजार वर्षांत एक यशस्वी पाहुणा! एवढा वेळ असला की अशक्य वाटणारं पण होऊन जातं. आणि म्हणूनच कित्येक गट आलेच नाहीत, हवाईत मूळची एकही मुंगी नाही. मुंगी नसलेलं जंगल, विचार करून बघा.

माऊ_२२
मुंगी नाही??? मी जाते राहायला, साखरेचा डबा उघडा ठेवता येईल 😂

रानवेडी
@माऊ आता आहेत की, चाळीसच्या वर जाती, सगळ्या माणसाने नेलेल्या. थांब जरा, येते त्यावर.

रातकिडा
आता पाऊसवेडींचा दुसरा प्रश्न, एवढे वेगवेगळे कसे झाले. यात मला सगळ्यात भारी वाटतात ते टेट्राग्नाथा कोळी, लांब पायांचे लांब जबड्याचे, आपल्याकडे पण ओढ्याकाठी, भाताच्या शेतात असतात. जगभर सगळे जाळं विणतात. हवाईतल्या एका शाखेने जाळंच सोडून दिलं, पायांवर लांब काटे आले आणि रात्री फिरून शिकार करतात.

आधी बेटांचं समजून घ्या. लाव्हा येतो ती जागा स्थिर आहे आणि वरचा समुद्रतळ वायव्येकडे सरकतोय, वर्षाला सात ते दहा सेंटिमीटर, म्हणजे चूल एका जागी आणि वरून तवा सरकतोय. त्यामुळे काउआई बेट सगळ्यात म्हातारं, पन्नास लाख वर्षांचं, मग ओआहू, मग माउई बारा लाखांच्या आसपास आणि बिग आयलंड दहा लाखांच्या आतलं. नवीन बेट वर आलं की जुन्यावरून कुणीतरी उडून तिथे जातं.

तर या काटेपायवाल्यांत चार प्रकार दिसतात. पानांवर बसणारे हिरवे, शेवाळावर बसणारे मरून, खोडाच्या सालीवर मोठे तपकिरी आणि बारीक काटक्यांवर छोटे तपकिरी. दिवसा पक्ष्यांना दिसू नये म्हणून हे रंग. आता तुम्ही म्हणाल की हिरवा कोळी काउआईवर तयार झाला आणि मग प्रत्येक बेटावर त्याची पोरंबाळं गेली. पण कॅलिफोर्नियातल्या रोझमेरी गिलेस्पी यांनी डीएनए तपासला, २००४ मध्ये छापून आलं, तर कित्येकदा एका बेटावरच्या हिरव्याचा जवळचा नातेवाईक दुसऱ्या बेटावरचा हिरवा नसून त्याच बेटावरचा तपकिरी किंवा मरून निघतो! म्हणजे कुठलातरी एक रंग नव्या बेटावर पोचला आणि तिथे उरलेले रंग पुन्हा नव्याने तयार झाले. आणि एका जागी एका प्रकारचा एकच, दोन हिरव्या जाती शेजारी शेजारी नांदत नाहीत. कोण पोचणार ही शुद्ध लॉटरी आहे पण पोचल्यावर काय होणार याचे पर्याय मोजकेच, हे मला अजून पण अचाट वाटतं.

बरं हे एकदाच झालं असतं तर योगायोग म्हणून सोडलं असतं. अरियाम्नेस म्हणून दुसरे काडीसारखे कोळी आहेत, त्यांचे पूर्वज दुसऱ्याच्या जाळ्यातून भक्ष्य चोरणारे. त्यांच्यात सोनेरी, काळपट आणि पांढरे असे तीनच प्रकार, आणि २०१८ मध्ये गिलेस्पींच्याच गटाने दाखवलं की तिथे पण तीच कथा, बेटागणिक तेच रंग नव्याने.

चिकित्सक
ओके हे भारी आहे. पण मग दरवेळी रंग अगदी तेच का? निळा का नाही? नैसर्गिक निवड म्हणजे काहीही होऊ शकतं असं ना.

रातकिडा
काहीही होत नाही, कारण बेट बदललं तरी लपायच्या जागा त्याच. पान, शेवाळ, साल, काटकी. खाणारे पण तेच, पक्षी. निळा झाला तर पहिल्याच सकाळी गिळला जाईल. शिवाय पूर्वज एकच असल्याने अंगात रंग तयार करायची सामग्री ठरलेली, त्यातूनच काय ते जुळवायचं.
पण सगळं असं पुनरावृत्तीचं नाही हां. फळमाश्या घ्या, हवाईत पाचशेच्या वर जाती, त्यांची मूळ आजी अंदाजे अडीच कोटी वर्षांपूर्वी आली, म्हणजे आजचं काउआई जन्मायच्या कितीतरी आधी. ती ज्या बेटावर उतरली ते आता झिजून पाण्यात गेलंय, वंश तेवढा बेटं बदलत राहिला. त्यातल्या एका जातीच्या नरांचं डोकं इतकं रुंद की एकमेकांना टकरा देतात मादीसाठी, माशी असून!

रानवेडी
आणि सुरवंट विसरलात. हायपोस्मोकोमा नावाचे पतंग, साडेतीनशेच्या वर जाती, यांचे सुरवंट रेशमाचं घर पाठीवर घेऊन फिरतात. त्यात एक गोगलगायीला रेशमाने पानाला बांधून टाकतो आणि शंखात शिरून खातो, दुसरे काही पाण्यात पण जगतात आणि बाहेर पण. २०२५ मध्ये ओआहूवरच्या एकाची बातमी आली होती, तो कोळ्याच्याच जाळ्यात राहतो आणि मेलेल्या किड्यांची डोकी, पाय, पंख घरावर चिकटवत जातो, कोळ्याला ओळखू येऊ नये म्हणून. मला तरी हा वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. जागा रिकाम्या होत्या, मुंग्या नव्हत्या, म्हणून सुरवंटांना शिकारी होणं परवडलं.
आणि त्याच कारणाने मार पण तेवढाच बसला. एकोणिसाव्या शतकात मोठ्या डोक्याची मुंगी आली आणि सखल भागातले मूळचे किडे तिने जवळजवळ साफ केले. ज्यांनी लाखो वर्षांत मुंगी बघितलीच नाही ते पळणार तरी कसे. डास पण तसेच, १८२६ च्या सुमाराला जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून आले, त्याआधी तिथे डास नव्हते. डासांनी पुढे पक्ष्यांना मलेरिया दिला, तो वेगळाच धागा होईल.

पाऊसवेडी
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू 🙏 भावाला लिंक पाठवली. तो विचारतोय की हे सगळं लाखो वर्षांचं झालं, आत्ता डोळ्यांदेखत काही बदलताना दिसतं का?

रातकिडा
दिसतं, आणि माझ्या नावाचंच उदाहरण आहे 😄 पॅसिफिकमधला एक गाणारा रातकिडा हवाईत आलेला, आणि उत्तर अमेरिकेतून एक माशी पण आली जी त्याचं गाणं ऐकून त्याला शोधते आणि अंगावर अळ्या सोडते, त्या त्याला आतून खातात. २००३ मध्ये काउआईवर मार्लीन झुक या अभ्यासकांच्या लक्षात आलं की किडे भरपूर आहेत पण आवाज येत नाही. नरांच्या पंखांवरची वाजणारी रचनाच गेली होती, साधारण वीस पिढ्यांत. मग ओआहूवर पण मुके नर सापडले, आणि पुढे तपासलं तर तिथलं जनुकीय कारण वेगळं, म्हणजे दोन्हीकडे आपापलं झालेलं.

माऊ_२२
पण मग मुक्या नरांना बायका कशा मिळतात?

रातकिडा
जो थोडाफार गाणारा उरलाय त्याच्या आजूबाजूला दबा धरून बसायचं आणि मादी आली की मध्येच गाठायचं, हाहा. आणि काउआईच्या माद्या गाण्याबाबत फार चोखंदळ पण राहिलेल्या नाहीत. २०१८ मध्ये तर छापून आलं की मोलोकाई या हवाईतल्याच बेटावर असे नर सापडले की जे मांजरासारखं हळू घुरघुरतात, मादीला जवळून ऐकू जातं, माशीला जात नाही.