रोबोची फ्रेम: कुठला अॅल्युमिनियम, कुठले बोल्ट?

प्रश्न: सोलापुरात पॉलिटेक्निकच्या स्पर्धेसाठी १५ किलोपर्यंतचा रोबो करतोय. २५ × २५ मिमी अॅल्युमिनियमची चौकोनी नळी घ्यायची आहे. जाडी किती? वेल्डिंग करावं की बोल्ट? वरचं कव्हर अॅक्रेलिकचं चालेल का?

उत्तर १: जाडी २ मिमी घ्या. दुकानात सहसा ६०६३ ग्रेडचा मिळतो, तो पुरतो. वेल्डिंग नको, सांध्याजवळ धातू मऊ पडतो आणि चूक झाली तर फ्रेम खोलता येत नाही. एम४ (४ मिमी जाडीचे) बोल्ट, ४.५ मिमीचं भोक, दोन्ही बाजूंना वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला). साधा नट मोटरच्या कंपनाने सुटतोच.

एक गोष्ट फार जण विसरतात: नळीतून आरपार बोल्ट आवळला की भिंती आत दबतात, मग बोल्ट कायम ढिलाच वाटतो. आत २१ मिमीचा स्पेसर (बोल्टवर चढणारी छोटी नळी) घाला. नळी, तिला जोडायची ३ मिमी पट्टी, वॉशर, नट धरून बोल्ट ४० मिमी लांबीचा लागेल.

उत्तर २: जे कोपरे पुन्हा उघडायचे नाहीत त्यांना गसेट (कोपरा जोडणारा पत्र्याचा तुकडा) लावून ४ मिमीचे पॉप रिवेट (एकाच बाजूने बसवायचे रिवेट) मारा, भोक ४.१. हलकं आणि स्वस्त.

उत्तर ३: अॅक्रेलिक नको दादा, भोकापासून तडकतं. ३ मिमी पॉलिकार्बोनेट घ्या. त्याच्याजवळ लॉकटाइट (स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) मात्र लावू नका, त्यानेही तडे जातात, तिथे नायलॉकच. लॉकटाइट, तेही निळं, मोटर शाफ्टच्या ग्रब स्क्रूला (चाक शाफ्टवर धरणारा बिनडोक्याचा स्क्रू). शाफ्टवर आधी कानस मारून सपाट जागा करा, नाहीतर चाक फिरणार नाही, नुसता शाफ्ट फिरेल.