मे महिन्यात भरतीची तयारी: मैदानावर पाणी कधी आणि किती प्यायचं?

चांदा_८००मीटर
नमस्कार. मी चंद्रपूरची, पोलीस भरतीची तयारी करतेय. पहाटे साडेपाचला मैदानावर जाते. वॉर्मअप, ८०० मीटरचे राउंड, मग गोळाफेक, असं पावणेसात वाजतात. मे लागल्यापासून शेवटच्या राउंडला पोटऱ्यांत गोळे येतात आणि घरी आल्यावर दुपारपर्यंत डोकं ठणकतं. आमच्या मैदानावर सांगतात की मध्ये पाणी प्यायलं की पोटात कळ येते, आणि शरीराला पाण्याविना राहायची सवय लावायची. काही मुली वजन उतरावं म्हणून जर्किन घालून धावतात. मी घरी येऊन एकदम दोन तांबे पाणी पिते, तरी लघवी दिवसभर पिवळीच. रोज ओआरएस घेतलं तर चालेल का? वडीलही सोबत चालायला येतात, त्यांनाही द्यावं म्हणते.

माजी_सैनिक_नागपूर
ताई, सैन्यातून आल्यापासून मी भरतीच्या पोरापोरींना पळवतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पाण्याविना राहायची सवय कुठल्याच शरीराला लागत नाही. उन्हाची मात्र लागते, आणि त्याला दहा ते चौदा दिवस जातात. गंमत अशी की उन्हाला सरावलेला माणूस लवकर आणि जास्त घामेजतो. म्हणजे तयारी जमत आली की पाणी वाढवावं लागतं. त्याला पाणी तोडायला सांगणं म्हणजे पोरांच्या जिवाशी खेळ आहे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात उमेदवार दगावले. घरचा कर्ता होऊ पाहणारी पोरं होती ती. मी ते विसरू शकत नाही.

आता तुझा हिशोब. घरचा वजनकाटा घे. जायच्या आधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन कर. आल्यावर अंग पुसून, घामाचे कपडे काढून पुन्हा कर. समज आधी ५४ किलो होतं, नंतर ५३.२ भरलं, आणि मध्ये तू ३०० मिली पाणी प्यायलीस. म्हणजे घाम गेला साधारण १.१ लिटर. वजनातली घट दोन टक्क्यांच्या पुढे, म्हणजे तुझ्यासाठी एक किलोच्या वर, जाऊ द्यायची नाही. तिथून पुढे धावायचा वेळही वाढतो आणि डोकंही चालत नाही. जी घट भरेल तिच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या दोन-तीन तासांत थोडं थोडं पी. एकदम दोन तांबे रिचवलेस तर त्यातलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं.

उठल्या उठल्या दीड पेला पाणी. मैदानावर दर पंधरा-वीस मिनिटांनी पाच-सहा घोट, राउंड संपल्यावर. कळ येते ती घटाघटा प्यायल्याने. आमच्याकडे माठ सावलीत असतो, शिट्टी वाजली की सगळे तिकडे.

काळा टी-शर्ट वाळल्यावर बघ. पाठीवर, काखेपाशी पांढरे पट्टे उमटत असतील तर तुझ्या घामातून मीठ भरपूर जातंय. मग १ लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचाच चमचा) आणि लिंबू. ताक मीठ घालून प्यायलीस तरी उत्तम. पोटऱ्यांचे गोळे मात्र नुसत्या पाण्याने जातीलच असं नाही, दमलेल्या स्नायूलाही गोळे येतात. राउंडच्या मध्ये विश्रांती वाढव.

जर्किन आजच बंद करायला सांग त्या मुलींना. उतरतं ते पाणी, चरबी नाही. वर घाम वाळत नाही आणि अंग आतून तापत जातं.

परिचारिका_पुणे
दादांचं बरोबर आहे, थोडी भर घालते. ओआरएसचं पाकीट पेल्यात अर्धं-अर्धं करू नका. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच अख्खं घाला. दुकानातल्या गोड पेयाच्या डब्याला ओआरएस समजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली आहे.

वडिलांना बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं पाणी आणि ओआरएस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नुसतं चालायला साधं पाणी पुरतं.

लांब पळणाऱ्यांसाठी उलटा, म्हणजे पाणी जास्त प्यायल्याने रक्तातलं सोडियम (मिठातला क्षार) पातळ होण्याचा धोकाही सांगते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि ज्यांचं वजन धावल्यावर वाढलं होतं त्यांना धोका जास्त होता. धावून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालंय.

कुणी धावता धावता असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, तर तोंडात पाणी ओतू नका. सावलीत आडवं करा, अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला, बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत लावा. दुसऱ्याने तेवढ्यात १०८ ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत गार करणं थांबवू नका.

चांदा_८००मीटर
खूप आभार! आज वजन केलं. पाणी न पिता धावले होते, १.३ किलो कमी भरलं. टी-शर्टवर पट्टेही आहेत. भरतीच्या दिवशी काय करू? तिथे सकाळपासून रांगेत बसवतात म्हणे.

माजी_सैनिक_नागपूर
रांगेतच अर्धा घाम जातो. दोन बाटल्या ने, एक साधी, एक लिंबू-मिठाची. डोक्याला ओढणी किंवा टोपी, आणि जिथे सावली सरकेल तिथे तू सरक. तासाला दोन-अडीच पेले, घोट घोट. नंबर यायच्या अर्धा तास आधी पिणं आवर आणि लघवीला जाऊन ये. त्या दिवशी नवीन काहीही पिऊ नकोस, जे मैदानावर रोज प्यायलीस तेच. उद्यापासून रोजचं वजन वहीत लिही आणि आठवड्याने इथे टाक, मी बघतो.